मेनियाची शपथ

माझी नणंद मेनिया तोंडाने फटकळ. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या हातची मक्याची पोलेंता चाखून म्हणाली, "वहिनी, भिंत लिंपायला बरी आहे." पण ती खोटं बोलल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून तर संत ऑरीलाच्या चॅपलमध्ये पीस ठेवायचं काम तिच्याकडे आलं.

रोमच्या संतांच्या यादीत ऑरीलाचं नाव शोधूनही सापडायचं नाही. सहाशे वर्षांपूर्वी ती आमच्या डोंगरात सुईण होती. मेलेल्या बाळाच्या तोंडात तिनं फुंकर घातली, ते एका श्वासापुरतं परत आलं आणि बाप्तिस्मा घेऊन गेलं, असं सांगतात. तेव्हापासून साऱ्या कार्निया मुलखातून लोक पोटातच गेलेली बाळं तिच्या वेदीपाशी आणत. मेनिया बाळाच्या ओठांवर कोंबडीचं पीस ठेवी. ते हललं की श्वास आला असं धरून बाप्तिस्मा होई, बाळाला नाव मिळे आणि दफनभूमीत जागा. नाही हललं, तर भिंतीबाहेर बिननावाचा खड्डा. शेजारी निखाऱ्यांची शेगडी असे, तिच्या ऊबेनं पीस बहुधा हलेच. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

नवे फादर लेओनार्दो आले आणि त्यांनी शेगडी बाहेर काढायला लावली. "संताला निखारे कशाला लागतात?" म्हणाले.

त्याच फेब्रुवारीत तिता नावाचा लाकूडतोड्या दोन दिवस बर्फ तुडवत आला. पाठीवरच्या टोपलीत त्याची मुलगी होती. "बायको अंथरुणात आहे," तो म्हणाला. "नाव ठेवूनच परत येतो, असं सांगून आलोय तिला."

मेनियानं पीस ठेवलं. आम्ही गुडघे दुखेपर्यंत बघत राहिलो. पीस हललं नाही.

"हललं," मेनिया म्हणाली.

"मला नाही दिसलं," फादर म्हणाले.

"तुम्ही तिताकडे बघत होतात."

"वेदीतल्या ऑरीलाच्या अस्थींवर हात ठेवून सांग."

तिनं हात ठेवला आणि सांगितलं. मुलीचं नाव जाचिंता ठेवलं.

त्यानंतर एकोणीस वर्षं मेनिया दर रविवारी मिस्साला आली, पण ख्रिस्तप्रसादासाठी एकदाही उठली नाही. खोटी शपथ पोटात ठेवून तो घ्यायचा कसा? गाव म्हणे, शिष्ट आहे. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटच्या दुखण्यात फादर तिच्या उशाशी येऊन बसले. "मेनिया, चुकलं एवढंच म्हण. मी क्षमा देतो."

"चुकलं असं वाटायला नको का, फादर? नाही वाटत. आता मरताना आणखी एक खोटं बोलू?"

"मग मला तुला भिंतीच्या आत घेता येणार नाही गं."

"बाहेरच बरं. तिथं सगळी तान्हीच आहेत. कुणीतरी मोठं माणूस नको का त्यांच्याजवळ?"

आम्ही तिला बाहेरच पुरलं. फादरना यायला चर्चची परवानगी नव्हती. ते आले.