ऑरिनची देखणी कणसं

ऑरिन पेटिंगिलच्या मक्याबद्दल अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या डोंगरी गावात कोणी वाईट बोलत नसे. बोललं की ऑरिन दिवसभर पाठ सोडत नसे, हे त्यामागचं खरं कारण. मका त्याच्या पणजोबाने लावलेला, आजोबाने आणि बापाने जपलेला. उन्हाळा आला म्हणेपर्यंत सरतो अशा मुलखात तग धरणारा, कडक पिवळ्या दाण्याचा. दुकानातलं संकरित बी दरवर्षी नवं आणावं लागतं. याचं तसं नव्हतं. घरचंच बी पेरायचं, त्यातलंच राखायचं, पुन्हा पेरायचं. यात मिरवण्यासारखं बरंच होतं, आणि ऑरिनने मिरवायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

मक्याची जात बिघडू नये म्हणून तो वाऱ्यावरसुद्धा पाळत ठेवी. शेजारच्या क्लेटनने एकदा हौसेने परसात गोड मक्याची चार ताटं लावली, तर तुरे फुटायच्या सुमाराला हा कात्री घेऊन कुंपणाशी हजर.

"तुझ्या तुऱ्यांची धूळ माझ्या मक्यावर येते."

"मग वाऱ्याला जाऊन सांग की! माझं डोकं का खातोस?" क्लेटन म्हणाला.

ऑरिनने वाऱ्याला काही सांगितलं नाही, क्लेटनचे तुरे छाटले.

बी मागायला कोणी आलंच, तर तो त्याला तासभर व्याख्यान देई आणि रिकाम्या हाताने घालवी. दुसऱ्याच्या हातात मका बिघडेल, अशी त्याची खात्री होती. त्यामुळे हा मका त्याच्याखेरीज फक्त एका घरी होता. डोंगरापलीकडे दिलेल्या धाकट्या बहिणीकडे, थर्झाकडे. तोही बापाने लग्नात थैलीभर बी तिच्या हातात ठेवलं म्हणून.

थर्झाची कणसं खुजी, कुठे ओळ वाकडी, कुठे शेंड्याला दाणाच नाही. एका वर्षी तिने ती जत्रेतल्या प्रदर्शनात मांडली. ऑरिनने परीक्षकाला गाठून, "हा आमच्या घराण्याचा मका नव्हेच," असं चारचौघांत सांगितलं आणि तिची कणसं टेबलावरून उचलायला लावली. पहिल्या नंबराची निळी फीत सालाबादप्रमाणे त्यालाच मिळाली. थर्झा त्यानंतर त्याच्याशी बोलेनाशी झाली. ऑरिनला वाटलं, लाजली असेल बिचारी.

बी निवडण्याची त्याची रीत पाहण्यासारखी होती. पीक निघालं की कोठारात सगळी कणसं मांडायची, नवरी बघायला आल्यासारखं एकेक हातात घेऊन न्याहाळायचं, आणि सर्वांत लांब, भरदार, सरळ ओळींची तेवढी बाजूला काढायची. मग त्यांच्या पानांच्या वेण्या घालून ती आढ्याला टांगायची. देखणं ते बियाला, उरलेलं दळायला. पाहुणे माना वर करून बघत, आणि ऑरिन पाहुण्यांकडे बघे.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही. ही थोराड कणसं शेतात सर्वांत शेवटी पिकत. तो दरवर्षी तीच पेरत गेला, आणि दरवर्षी कणसं मोठी होत गेली, पिकायला उशीरही होत गेला. बापाच्या वेळी सप्टेंबरच्या सुरुवातीला टणक होणारा दाणा आता महिना संपत आला तरी नखाने फुटायचा. "हवामानच बिघडलंय," असं ऑरिन सगळ्यांना सांगे.

यंदा पीक जाळणारं हिम लवकर पडलं. सकाळी तो शेतात गेला तेव्हा ताटं काळवंडून लोंबत होती. त्याने एक कणीस सोललं, दाणा दाबला, तर पांढरं दूध बोटावर आलं. दुसरं सोललं, तिसरं सोललं, शेवटी ओळीच्या ओळी ओरबाडल्या. उगवेल असा एकही दाणा नव्हता. मागच्या वर्षीचं बीही घरात नव्हतं. जुनं बी मागे राखणं त्याला भित्रेपणा वाटे, म्हणून पेरून उरलेलं त्याने दळून आणलं होतं आणि त्याची धिरडी मेपलच्या पाकात बुडवून खाल्ली होती. चार पिढ्यांचा मका आपल्या हाती संपला, हे कळल्यावर तो बांधावर बसून ढसाढसा रडला. त्या दिवशी त्याला कोणी हसायला नको होतं. क्लेटनदेखील हसला नाही.

आठवडाभर अन्न गोड लागेना. मग ऑरिनने पिकअप काढली आणि डोंगर ओलांडला.

"कोण गेलं?" थर्झाने दार उघडताच विचारलं.

"मका गेला. सगळाच. थोडं बी दे."

"माझं? ते तर घराण्याचं नव्हे ना?"

ऑरिन उंबऱ्यातच घुटमळला. "खोटं बोललो होतो मी. बाबांचाच मका आहे तुझ्याकडे."

"एवढं बोलायला तुझं शेत जळावं लागलं," म्हणत तिने त्याला आत घेतलं.

माळ्यावर तिचा मका खडखडीत वाळला होता. ऑरिनला राहवेना. "तू निवडतेस तरी कशी?"

"निवडते कुठे! आधी वाळेल ते आधी तोडायचं, तेच बियाला टाकायचं. नंतर मला हरणांच्या शिकारीला जायचं असतं."

"हा तर शुद्ध आळस झाला!"

"आळसच आहे. तू मात्र कष्टाने मका घालवलास." त्याचा हात सवयीने एका मोठ्या कणसाकडे गेला, तशी तिने फाटकन चापट मारली. "हात मागे घे! मी भरते." एक खुजं, वाकडं कणीस तिने थैलीत आधी टाकलं. "हे सगळ्यांच्या आधी वाळलं. ध्यानात ठेव."

परतीच्या वाटेवर ऑरिनने गाडी थांबवली. नुसतं बघू म्हणून थैली उघडली, आणि त्यातलं सर्वांत कुरूप कणीस उचलून खिडकीबाहेर भिरकावलं. मग समाधानाने गाडी हाकली. पुढच्या वळणावर आपण काय केलं ते त्याच्या डोक्यात शिरलं, आणि त्याने करकचून ब्रेक दाबला.

क्लेटन त्याच रस्त्याने आला, तेव्हा ऑरिन रस्त्याकडेच्या खंदकात गुडघाभर चिखलात ओणवा होऊन चाचपत होता.

"काय रे, काय हरवलं?"

"कणीस."

"चांगलं होतं का?"

"चांगलं कसलं, अगदी भिकार होतं!" ऑरिन रडकुंडीला येऊन ओरडला. "बघत काय उभा राहिलास, उतर खाली आणि शोधायला लाग!"