इंदूताईंनी आपली म्हटलेली चूक

आमोण्याहून इंदूताईंच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी पुरवणीचं शेवटचं पान तपासत होते. "मावशी गेली," एवढंच तो म्हणाला. मी पान पुरतं वाचलं, सही केली आणि मग रडले. त्यांच्या हाताखाली शिकलेली बाई दुसरं काय करणार... त्याला आता दीड महिना होऊन गेला.

मी पेडण्याची. बी.ए. होऊन म्हापशाच्या एका दैनिकात लागले ती लेखिका व्हायचं म्हणून, आणि संपादकांनी मला बसवलं मुद्रितशोधनाच्या टेबलाशी, इंदूताईंसमोर. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या तपासायच्या! मला तो अपमान वाटला. जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या काजूच्या बागेवर एक लेख लिहिला आणि तो भीत भीत त्यांच्यापुढे ठेवला. 'बिया पुंजावल्या', म्हणजे गोळा केल्या, हे माझं गावंढळ वाक्य त्या खोडतील, असं वाटलं होतं. त्यांनी ते राहू दिलं आणि कोकणीत म्हणाल्या, "'पुंजावल्या' दवर गो. तें तुजें आसा. पूण पानभर 'अत्यंत' कित्याक?" त्यांनी सहा 'अत्यंत' खोडले, आणि लेख उभा राहिला. त्या दिवसापासून मी मन लावून शिकू लागले.

चार महिन्यांनी ते घडलं. ताई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि निधनवार्तांचं प्रूफ मी एकटीने वाचलं. हरमलचे गजानन वारले होते, मागे धाकटे भाऊ यशवंत. अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडून नावांची अदलाबदल झाली आणि माझ्या नजरेतून ती सुटली; माझं लक्ष माझ्या छापून येणाऱ्या लेखात होतं. दुसऱ्या दिवशी जिवंत यशवंतांच्या घरून फोन आला. संपादकांचा आवाज चढला, "कोणी वाचलं हे?" मी उठणार, इतक्यात ताई उठल्या. "त्या टेबलाची जबाबदारी माझी. चूक माझी." मी खाली मान घालून बसून राहिले. तोंड उघडलंच नाही...

"दुरुस्ती उद्यां छापतले," त्या मला म्हणाल्या, "पूण आज आमी हरमलाक वचूंया." आम्ही पेडण्याची बस धरली, तिथून पुढे दुसरी. हरमलच्या त्या घरी सावंतवाडीकडचे पाहुणे यशवंत गेले असं समजून रडतच बसमधून उतरले होते आणि आता अवघडून चहा पीत होते. यशवंत आपण सगळ्यांना दिसावं म्हणून अंगणातच खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला बघून ते हसलेसुद्धा. त्यांची बायको मात्र हसली नाही. तिच्या कपाळावर पुन्हा पुन्हा लावलेल्या कुंकवाचा जाड थर होता. "सकाळपासून पाच फावट लायलां," ती म्हणाली, "येणारो जो तो पयलो माज्या कपाळाक बघता." ताईंनी तिचे दोन्ही हात धरले. "म्हजी चूक जाली, बाय." मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. तेव्हाही गप्पच.

दुसऱ्या दिवशी ताईंनी निधनवार्तांचा सगळा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "आतां हें तुजें." त्या वर्षी त्यांना मिळणार असलेली उपसंपादकाची जागा दुसऱ्याला गेली. ताई त्याच टेबलावरून निवृत्त झाल्या. मी बातमीदार झाले, उपसंपादक झाले, पुरवणी माझ्याकडे आली.

गेल्या गणेशचवथीला आमोण्याला गेले, तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "ताई, हरमलच्या वेळी मी गप्प बसले."

"म्हाका खबर आसा गो. हांव थंयच आसली."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"तुका नोकरेंतल्यान काडून उडयली आसती. म्हाका कोण काडटलो? पूण सांगपाक इतकीं वर्सां लायलीं मगो तुवें... तें लागलें म्हाका." मग त्यांनीच उठून चहा टाकला.

बाराव्याला गेले तेव्हा भाच्याने मला त्यांच्या खोलीत नेलं. भिंतीवर गावच्या दुकानदाराने वाटलेलं कॅलेंडर होतं. त्यावरच्या छपाईतल्या चुका निळ्या शाईने नीट दुरुस्त केलेल्या. भाच्याने पानं उलटून दाखवली. या महिन्याच्या, पुढच्या, त्याच्याही पुढच्या... थेट डिसेंबरपर्यंत त्यांनी काम संपवून ठेवलं होतं.