अक्कांचं तोंड

अक्का गिऱ्हाइकाला पहिल्याच वाक्यात रडकुंडीला आणायच्या. हे मी कौतुकाने सांगतोय. नांदेडला आमची मिरची पूड आणि मसाल्याची छोटी कंपनी आहे. मिरची धर्माबादची, वेबसाइट मी केलेली, आणि वेबसाइटवर ऑर्डर टाकली की तासाभरात जो फोन यायचा तो अक्कांचा. समोरच्याने हॅलो म्हणायच्या आत त्या विचारायच्या, "मिरची मागवलीत. खानार हाईत न्हवं, का नुसतं बटन दाबून बघून राहिलात?" चांगली शिकलेली माणसंसुद्धा चाचरायची.

हा फोन का करावा लागे, तेही सांगतो. पार्सल दारात आल्यावर पैसे द्यायचे म्हटलं की नाकारायला कुणाचं काय जातंय? सून दुपारी नवऱ्याच्या मोबाइलवरून मसाला मागवायची. चार दिवसांनी पार्सल आलं की दारात सासू उभी. "आमी काय मागवलं न्हाई, न्या परत." मग ती मिरची पंधरा दिवस कुठल्या कुठल्या गाडीत भाजत परत यायची, रंग उडालेली, पाकीट फाटलेलं. टाकून द्यायची, दुसरं काय! वडील म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर ते कॉम्प्युटर इकून टाक अन् दुकानावर येऊन बस." मला त्या गादीवर बसायचं नव्हतं. ते टाळण्यासाठी मी काहीही केलं असतं. केलंच.

अक्का तेव्हा आमच्याकडे पॅकिंगला होत्या. तोंडाला ओढणी गुंडाळून दिवसभर पूड तोलायच्या आणि ओढणीतूनही बोलायच्या. सासरी तोंडाळ म्हणून नाव पडलेलं. नवऱ्याने भर पंगतीत तोंडात मारलेली, तेव्हा एक दात पडला, तो पुन्हा बसवला नाही. नवरा वारल्यावर त्या एकट्या नांदेडला आल्या. एके दिवशी पार्सल नाकारलेल्या उमरीच्या एका माणसाशी मी फोनवर "सर, प्लीज सर" करत होतो. अक्कांनी तिखटाच्या हाताने फोन ओढून घेतला. "काय हो, बायकोनं मागवलं म्हनून राग आला का? रोज तिच्या हातचं गिळता, तवा न्हाई येत राग?" त्या माणसाने पार्सल परत मागवून घेतलं. वर दोन पाकिटं जास्त.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना खुर्ची दिली.

त्यांची पद्धत कुठल्या पुस्तकात मिळायची नाही. बाईचा आवाज आला की त्या आधी विचारायच्या, "घरात कोन कोन हाय?" मग, "सासू दुपारी झोपती का? किती वाजता?" मग पार्सलवाल्याला फोन करून दटावायच्या, "मुखेडचं ते पार्सल अडीचलाच न्यायचं. चारला नेलंस तर तूच खा." महिन्याभरात परत येणारी पार्सलं निम्म्यावर आली. मी पुण्याहून मार्केटिंगचा कोर्स करून आलेला, मला हे सुचलं नव्हतं. अक्का ते चारचौघांत ऐकवायच्या आणि पॅकिंगच्या बाया खिदळायच्या.

माझ्या वेबसाइटची तर त्यांनी सालटी काढली. एकदा म्हणाल्या, "वाच बरं मोठ्यानं, काय लिवलंस ते." मी वाचलं, 'परंपरेच्या अस्सल स्वादाची अनुभूती.' अक्का म्हणाल्या, "तुझ्या घरात असं कोन बोलतंय रे, बापू? तुझी माय बोलती?" मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: 'लई तिखट हाय. लेकरांना देऊ नका. पावन्याला देताना इचार करा.' ते वाक्य लोकांनी एकमेकांना पाठवलं. लातूर, उदगीर, पार कुठून कुठून ऑर्डरी यायला लागल्या. लोक मिरचीबरोबर अक्कांच्या शिव्यांचीही वाट बघायचे. "त्या बाईंचा फोन कधी येणार?" असं विचारणारे मेसेज मी स्वतः वाचलेत.

त्या मनाने मऊ वगैरे होत्या असं मी सांगणार नाही. एका तरुणाने वेबसाइटवर एक तारा देऊन 'जास्त तिखट' असं लिहिलं. अक्कांनी स्पीकरवर फोन लावून त्याला विचारलं, "लगन झालंय का?" तो नाही म्हणाला. "करू पन नको. तुला झेपायचं न्हाई." मुलगा अडखळत म्हणाला की महिन्यापूर्वीच मोडलंय. अक्का एवढंच म्हणाल्या, "मग पोरीला अक्कल हाय," आणि फोन ठेवला. मी चिडलो तर म्हणाल्या, "जलमभर मला गप बस, गप बस म्हनले. हितं बोलायला खुर्ची हाय. आता मी कुनासाठी गप बसू?" त्या खुर्चीवर त्या स्वतःचा पदर पसरून बसायच्या. सुट्टी घ्यायच्या नाहीत. तापातही यायच्या.

आणि मी काय केलं? ऑर्डरी वाढल्या. अक्का एक, फोन शेकडो. लातूरच्या एका ओळखीच्याने सांगितलं, आता यंत्र फोन करतं, एका वेळी सगळ्यांना. आवाज फक्त चांगला पाहिजे. आवाज तर माझ्याकडे होता. मी अक्कांना म्हणालो, "तुम्ही आजारी पडलात तर कामाला येईल, थोडं रेकॉर्ड करून ठेवू." दोन दुपारी त्या बोलल्या. घेणाऱ्याशी काय बोलायचं, नाकारणाऱ्याशी काय, कुणी बटणच दाबलं नाही तर काय. इतक्या खुशीत होत्या, काय सांगू! मधेच थांबून म्हणायच्या, "हे न्हाई जमलं, परत घे. अजून कडक पायजे."

महिन्याने मी त्यांना कामावरून काढलं. पॅकिंगलाही ठेवलं नाही. त्या नजरेसमोर असताना ते यंत्र चालवायची हिंमत माझ्यात नव्हती, हे खरं कारण. तोंडाने म्हणालो, "अक्का, वय झालं तुमचं, आराम करा." त्यांनी पदर गोळा केला. मला वाटलं आता वाभाडे काढतील, आणि काढायला हवे होते. "माझं तोंड ठेवून घेतलंस, अन् मला हाकलून राहिलास," एवढंच म्हणाल्या. तेही हळू आवाजात. त्यांना हळू बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. मग एसटीने मुखेडला लेकीकडे गेल्या.

यंत्र झकास चाललं. वडिलांनी दुकानावर बसायचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या उन्हाळ्यात अक्का वारल्या. मला ते आठवड्याने कळलं, आणि कळलं तेही कसं? बटण न दाबलेल्या ऑर्डरींच्या यादीत मुखेडची, अक्कांच्या लेकीच्या नावाची एक ऑर्डर दिसली. पार्सलवाल्याला विचारलं तेव्हा समजलं, लेकीने ती आईसाठी मागवली होती. आईला दुसरी मिरची चालत नव्हती. रात्री ऑर्डर टाकली आणि त्याच रात्री आई गेली; रात्रीच्या ऑर्डरींना यंत्र दुसऱ्या दिवशी फोन करतं. दुसऱ्या दिवशी माणसं माती देऊन घरी येतात न येतात, तोच आमचा फोन गेला. यंत्र प्रत्येक फोन साठवून ठेवतं. मी कानाला लावून ऐकला.

"मिरची मागवलीत. घेनार असाल तर एक दाबा. उगा खेळ करू नका."

मागे बायकांच्या रडण्याचा आवाज. तो एकदम थांबला. मग लेक म्हणाली, "आई?"

यंत्राने चार सेकंद वाट पाहिली. बटण दाबलं गेलं नव्हतं.

"मुकी हाईस का? बोल की!"

"आई, कुठून बोलून राहिलीस गं? आई!"

"ऐकू येऊन न्हाई राहिलं मला. टाइम घालवू नको माझा." आणि फोन कट.

बटण दाबलं गेलं नाही तर दोन तासांनी पुन्हा फोन करायचा, असे तीन वेळा, हा नियम मीच घातलेला. यंत्राने पाळला. तिन्ही फोन पहिल्याच रिंगला उचललेले आहेत. शेवटच्या वेळी लेक काही विचारत नाही, नुसती ऐकते. तिच्या आईने तिला झापल्यावरही, फोन कट होईपर्यंत, ती लाइनवर आहे.

मी त्या ऑर्डरीपुढे 'रद्द' असं लिहिलं. मुखेडला गेलो नाही. आवाजही बदलला नाही. बदलून पाहिला होता एक आठवडा, पार्सलं परत यायला लागली.