लाडवांचा किल्ला आणि चिनी उचलाउचल

आत्यानं लेकीच्या रुखवतात चक्क कंधारचा किल्ला बांधला, सगळा रव्याच्या लाडवांचा! लग्न उदगीरला, आम्ही नांदेडला. वऱ्हाडाच्या जीपमध्ये पोरं बुरूज खातील म्हणून तिनं एसटीच पसंत केली. मदतीला मी.

मी सध्या ऑनलाइन चिनी शिकायलेय. त्या भाषेत नुसतं 'नेणं' म्हणून भागत नाही. पाठीवर नेलं तर 'पेइ', खांद्यावर 'खांग', डोक्यावर 'तिंग'. म्हटलं, सराव होईल.

"आत्या, किल्ल्याची परात दोन्ही हातांनी समोर सपाट धर. याला 'त्वान' म्हणतात."

"चिनी गेली चुलीत! तू आधी दार उघड."

तुम्हाला उदगीरला जायचं असेल तर कंधार-जळकोटमार्गे जाणारी सकाळची गाडी धरा. बायकांना अर्धं तिकीट. खिडकी उजवीकडची घ्या, ऊन लागत नाही. कंधारच्या स्टँडवर मी गरम भजी हाणली. आत्या मात्र परात कवटाळून बसलेली, म्हणजे 'पाओ'.

"बाई, किल्ल्याचं तिकीट काढलं का?" कंडक्टरनं विचारलं.

"मांडीवरच्या लेकराला तिकीट न्हाई लागत," आत्या फणकारली.

जळकोटच्या पुढं म्हैस आडवी आली, करकचून ब्रेक लागला आणि एक बुरूज गडगडत सीटखाली गेला. आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "झालं आता! सासू माझ्या पोरीला जन्मभर टोमणे मारंल." मला लई वाईट वाटलं. चिनी बंद केली.

कार्यालयात नवरदेवाची आई थेट परातीपुढं येऊन उभी राहिली. "हितला बुरूज कुठंय?"

माझी जीभ कुठली राहायला! "काकू, कंधारचा खरा किल्ला बघा जाऊन. तिथंबी पडझड झालीच हाय."

आत्यानं मला चिमटा काढला. बाई मात्र खो खो हसल्या. "मला सांगतीस? माझं माहेर हाय कंधार. त्या खंदकाशेजारी खेळले मी."

आमच्याकडं रुखवत मुलीकडच्या बायकांनीच आणायचं, मुलाच्या आईनं नुसतं बघायचं. या बाईंनी सरळ पदर खोचला. "विहीणबाई, एक बाजू मी धरते." दोघींनी मिळून परात मांडवात नेली.

नांदेडला परतल्यावर आत्या रिकामी परात घासत बसली होती. मी तिला सांगितलं, दोघींनी मिळून उचलायला चिनीत 'थाय' म्हणतात. तिनं दोनदा म्हणून बघितलं. मग लेकीला फोन लावला आणि म्हणाली, "तुझं नंतर. आधी सासूबाईंना दे."