शंकरची बोटं फ्रेमबाहेर राहिली

मित्रहो, आत्ताच विट्याहून सांगलीला परतलो. फार हताश होऊन लिहितोय.

सत्तरीत मी व्हिडिओचा कोर्स लावलाय. माझी पहिली फिल्म आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींवर आहे, कारण चित्र बघायला मला त्यांनीच शिकवलं. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरून आम्ही कविता गायचो. मग ते विचारायचे, "काय दिसलं?"

नदीच्या कवितेला त्यांनी स्वतः लावलेली चाल मी विसरलोय. ती आता बाकावरच्या माझ्या जोडीदाराला, विट्याच्या शंकरलाच येत असणार, असं वाटलं होतं.

कोर्सच्या मॅडम सारख्या सांगतात, "काका, चेहऱ्याजवळ जा." म्हणून आज मोबाईल त्याच्या तोंडापाशीच धरला.

"गड्या, नदीची कविता म्हण की."

"कंची नदी? न्हाई रं आठवत. आन् तू कोन म्हणालास?"

तेवढ्यात त्याची सून ओरडली, "आवं, त्यांची बोटं बगा!"

मांडीवर ताल चालू होता! मी मोबाईल खाली नेईपर्यंत बोटं थांबली. नंतर काही केल्या हलली नाहीत.

व्हिडिओत नुसता भांबावलेला चेहरा आहे.

शब्द पुस्तकात मिळतील हो. पण आमच्या शाळेतल्या कुणाला ती चाल येते का? चुकली तरी गाऊन पाठवा.