न गेलेल्या गावाचे आठ फॉर्म

ज्या गोष्टीमुळं माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं, ती गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. बायकोला सांगायची गरज नव्हती. तिचा अंगठा त्यात आहे.

विषय होता ग्रामीण मुलींची शाळागळती. नांदेड जिल्ह्यातली, लोह्याच्या बाजूची बारा गावं मी निवडली होती. प्रत्येक गावात आठ आया. त्यांना विचारायचं, मुलगी शाळेत जाते का, कितवीत सोडली, का सोडली, रस्त्याची काही अडचण आहे का. अकरा गावं मी खरोखर फिरलो. उन्हात, पायी, ओट्याओट्यावर बसून. बाराव्या गावाच्या आठवड्यात नांदेडला भाड्याच्या घराच्या जिन्यावरून पाय घसरला, घोटा सुजला, पट्टी बांधली. पुढं बरेच दिवस मी पाय हेच कारण सांगत राहिलो. खरं म्हणजे दहा दिवसांत मी नीट चालत होतो. कंटाळा आला होता. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती आणि लातूरच्या कॉलेजात जागा निघाली होती.

गाईड सरांना सांगितलं तर ते हसले. "मतदारयादी आहे ना तुमच्याकडं? मग पायाचं काय घेऊन बसलात!" जाता जाता आणखी म्हणाले, "अन् हे बघा, अकराच्या अकरा गावांत रस्त्याचीच रड आहे. परीक्षकाला वाटंल एकच फॉर्म छापत बसला. एखादं गाव बरं दाखवा. फरक दिसला पाहिजे."

तसं मी ते गाव बरं दाखवलं.

दोन दिवस लागले. निळे दोन पेन, काळा एक. गावातून आलेला फॉर्म कोरा करकरीत नसतो, तो चारदा घडी घातलेला, घामानं मऊ पडलेला असतो, हे मला अकरा गावांनी शिकवलं होतं. म्हणून मी फॉर्म घडी घालून गादीखाली दाबले, एकावर चहाचा थेंब पाडला. यादीतून आठ नावं उचलली. रस्त्याची अडचण? नाही. मुलीला एकटीनं जायची भीती वाटते का? नाही. शेवटी राहिले अंगठे.

"अहो, ह्या बाया कोण?" बायकोनं विचारलं.

"यादीतल्या."

"जित्या हायत का?"

"असतील की."

"मग त्यांचा अंगठा मी कसा देऊ?"

दिला तिनं. आठ वेळा, अंगठा थोडा थोडा फिरवून, म्हणजे वेगळा दिसावा. नंतर तारेच्या घासणीनं तो घासत मोरीत कितीतरी वेळ बसली होती. पुढं दोन-तीन दिवस ती भाकरी थापताना तो अंगठा मुठीत धरायची, हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आठांतला एक फॉर्म मला फार झकास जमला होता. तोच परिशिष्टात नमुना म्हणून जोडला. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, लातूरला घर झालं. शाळागळतीवर मी भाषणं देऊ लागलो.

मग गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या पत्त्यावर एक पत्र आलं. त्या बाराव्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढच्या शाळेसाठी मुलींना माळावरून, वीटभट्टीच्या कडेनं पायी जावं लागतं. गावानं सकाळच्या एस.टी.साठी अर्ज केला होता. तो परत आला होता, आणि परत पाठवण्याच्या कारणात माझा प्रबंध होता: या गावातील विद्यार्थिनींना प्रवासाची अडचण आढळलेली नाही. गावानं हरकत घेतली होती. सुनावणी ठेवली होती. मूळ कागद घेऊन हजर राहावं, असं मला कळवलं होतं. खाली हरकत घेणाऱ्या बाईंचं नाव होतं. परिशिष्टातलंच नाव.

सुनावणीच्या आधी मी एकटाच निघालो. अहमदपूर, लोहा, तिथून काळी-पिवळी जीप, फाट्यापासून पायी. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. ज्या गावाबद्दल मी इतकं लिहिलं, ते एकदा बघावं, एवढंच असेल.

दुपारचे दोन वाजले असतील. तुरीची कापणी चालू होती, माणसं रानात होती. गाव एवढं शांत की माझ्याच चपलांचा आवाज मला पुढून येतोय असं वाटत होतं. एक कुत्रं उठलं, माझा वास घेतला आणि न भुंकता परत जाऊन निजलं. ओळखीच्या माणसाला सोडतात तसं.

पारावर एक म्हातारा बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"या सर. लई दिसांनी. पाय बरा झाला का?"

मी म्हटलं, "कोणता पाय?"

"घ्या! आमालाच इचारून राहिले. लंगडत आल्ते न्हाई का त्या टायमाला? पट्टी बांधलेली." तो दात नसलेलं हसला. "आता लंगडी घालून दाखवा म्हन्लं तर घालताव का?"

त्या गावात माझा पाय कधी पडला नव्हता. पाय मुरगळला म्हणूनच तर पडला नव्हता.  बाईंचं घर कुठं ते मी विचारलं नव्हतं, तरी त्यानं हात करून दाखवलं. "त्या तिथं, तुमचं ठिकान तेच की."

बाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. माझ्याच वयाच्या असतील. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. उशीर केला म्हणून थोडा राग होता.

"बसा सर. तितंच बसा, मागं बसलात तितं."

ओट्याच्या कोपऱ्यात खांबाला टेकायची जागा होती. मी बसलो. पाठ खांबाला बरोबर लागली.

आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. सातवीतली, धाकटी. बाई म्हणाल्या, "ही तवा पाळन्यात व्हती. तुमी हिच्यासाठी आवाज बारीक करून इचारत व्हते."

मग त्या सांगत गेल्या, मी कसा आलो, कसा बसलो, काय काय विचारलं. प्रश्न माझेच होते, त्याच क्रमानं. "समद्यात शेवटी तुमी म्हन्ले, बाई अंगठा द्या. मी म्हन्लं, न्हाई, मी सही करते, साक्षरतेच्या वर्गात शिकले. हळूहळू केली. तुमी थांबले. घाई नका करू म्हन्ले."

मी विचारलं, "रस्त्याबद्दल काय सांगितलं होतं तुम्ही?"

त्यांनी धाकटीला तांब्या ठेवायला आत पाठवलं.

"आता परत कशाला बोलायला लावून राहिले? थोरलीचं सांगितलं न्हाई का. आठवीत गेली, महिन्यात काढली. भट्टीच्या वळनावर काय झालं ते तिच्या बापाला भी मी सांगितलं न्हाई. तुमाला सांगितलं. तुमी लिवून घेतलं. तुमच्या डोळ्याला पानी आलं व्हतं." त्या थांबल्या. "मला वाटलं, आता हे कुठंतरी जाईल. पन बस काय आली न्हाई. थोरलीचं लगीन करून टाकलं. आता हिचं पुढल्या साली आठवीचं हाय. बस न्हाई आली तर बाप हिला भी घरी बसवनार. तवा तेवढा कागद काढून दाखवा सायबाला. मी सांगितलेलं."

माझ्या पिशवीत तो कागद होता. रस्त्याची अडचण, नाही. खाली माझ्या बायकोचा अंगठा.

मी तो बाहेर काढला नाही. येतो म्हणून उठलो.

घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. त्या आठवड्याची पानं कोरी होती, एका पानावर हाडाच्या डॉक्टरांकडं जायची वेळ. मग सुचेल ते कारण शोधलं. आरोग्य खात्याचा कुणी असेल, जनगणनेचा असेल, सगळे पिशवीवाले बायांना सारखेच दिसतात. लंगडणारे काय मी एकटाच? पण प्रश्न माझे होते. मी घडवलेले, त्या वेळी माझ्या फॉर्मांखेरीज कुठंही नसलेले.

बायकोला सगळं सांगितलं. तिनं आपला अंगठा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "तुमच्याऐवजी कुणीतरी गेलं म्हणा की. पाय दुखत असून गेलं." आणि थोड्या वेळानं, "ते तुमच्याहून बरं व्हतं, अहो."

सुनावणी तालुक्याला होती. एक अधिकारी, एस.टी.चा एक माणूस, गावच्या शाळेचे मास्तर, बाई, मी. टेबलावर माझा प्रबंध, परिशिष्टाचं पान उघडलेलं. अधिकारी चांगला माणूस होता, त्याला फक्त प्रकरण मिटवायचं होतं.

"मास्तरांचं म्हणणं, सर गावात आलेच नव्हते. कागद बघून तसं वाटतं म्हणतात."

मास्तर म्हणाले, "माझी बदली या गावात नंतर झाली, साहेब. पण कागद खोटा आहे. बाईंचा अंगठा लावलाय, अन् बाई सही करतात."

"बाई, तुम्ही सांगा. हे सर आले होते का?"

बाई उठून उभ्या राहिल्या. माझ्याकडं बघून, मला धीर द्यावा तसं म्हणाल्या, "आल्ते की. माझ्या ओट्यावर बसले. मानूस चांगला हाय, साहेब."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवला. "मग प्रश्न मिटला. सर आले, बाईंनी सांगितलं, सरांनी लिहिलं. अंगठा की सही, एवढ्या वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतंय? काय सर?"

मला फक्त मान हलवायची होती. मान हलली असती तर पदवी राहिली असती, नोकरी राहिली असती, आणि साक्षीला खुद्द त्या बाई होत्या. बस तेवढी आली नसती. धाकटी आत तांब्या ठेवायला गेली तशी आतच राहिली असती.

मी म्हणालो, "मी त्या गावात गेलो नव्हतो. फॉर्म मी घरी बसून भरले."

"न्हाई ओ," बाई म्हणाल्या. "सर घाबरून बोलून राहिले."

"बाई, मी आलो नव्हतो."

"लंगडत आल्ते!" त्या अधिकाऱ्याकडं वळल्या. "समद्या गावाला इचारा."

एस.टी.चा माणूस हसला. मास्तर हसले नाहीत. ते माझ्या पायाकडं बघत होते. मी कागद मागून घेतला आणि सगळं लिहून दिलं, आठही फॉर्म, पेन, गादी, बायकोचं नाव तेवढं सोडून अंगठ्याची हकीकतसुद्धा. लिहिताना बाई माझ्या हाताकडं बघत होत्या. मी सही केल्यावरच त्यांना पटलं असावं, कारण तेव्हा त्या एकदम खाली बसल्या.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. आवाज अगदी बारीक होता.

"मग मी कुनाला सांगितलं?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"थोरलीचं समदं सांगितलं मी. नाव घेऊन. ते कुनाजवळ हाय आता?"

मी हात जोडले. त्यांनी ते बघितलेही नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मघाचा तो धीर नव्हता. परक्या माणसापासून दूर होतात तशा त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि मास्तरांच्या मागं मागं निघून गेल्या.

अर्ज पुन्हा विचारात घेतला गेला. नवी पाहणी होईपर्यंत सकाळची एक फेरी सुरू झाली. विद्यापीठाची नोटीस मला आली, तिचं उत्तर मी दिलं आहे, त्यातही हेच लिहिलं आहे. पदवी राहील की जाईल ते कळेल. कॉलेजात मला आता कुणी भाषणाला बोलावत नाही, आणि ते बरंच आहे.

या महिन्यात मास्तरांचा फोन आला. धाकटी आठवीत बसली, बसनं जाते, खिडकीची जागा धरते म्हणाले. मला बरं वाटलं. बोलणं संपत आलं तसं ते सहज म्हणाले, "सर, गुरुवारी गावात येऊन गेलात, मला भेटला नाहीत."

गुरुवारी मी लातूरला, दिवसभर पेपर तपासत होतो. स्टाफरूममध्ये चार माणसं होती.

"कुठं बघितलं तुम्ही?"

"मी नाही बघितलं. पोरं सांगत होती. बाईंच्या ओट्यावर बसला होतात म्हणे, वही घेऊन."

मी खुर्चीचा हात धरला. "आणि बाई? काय सांगितलं त्यांनी?"

"काहीच नाही म्हणे. तूर पाखडायची थांबवली नाही त्यांनी. तुम्ही विचारत राहिलात, अन् त्या नुसत्या सुपाकडं बघत होत्या."