नेझाकेतचा रोजचा गुलाब

फिक्रियेला हे सांगताना अजून हसू आवरत नाही, आणि सांगायला बसली की आधी स्वतःलाच चार शिव्या घालून घेते. घालणारच. चूक तिचीच होती.

त्या दिवशी सकाळी ती भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती, तर दुसऱ्या मजल्यावर नाकात गुलाबाचा वास शिरला. थोडाथोडका नाही, जिनाभर. मे महिना असता तर तिनं लक्षही दिलं नसतं. मे महिन्यात आमच्या अख्ख्या इस्पार्ता शहराला तोच वास असतो, फुलांच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर दारावरून जात असतात. पण हा ऑक्टोबर. ऑक्टोबरात एखाद्या घरातून गुलाब दरवळला की आमच्याकडे त्याचा अर्थ एकच. घरातलं कुणीतरी गेलंय, बायका डोक्याला रुमाल बांधून मेवलितच्या पठणाला बसल्यात, आणि त्यांच्या ओंजळीत गुलाबपाणी घालणं चाललंय.

वास येत होता नेझाकेतच्या दारातून. त्या घरात माणसं दोनच. एक नेझाकेत, आणि दुसरी तिची सासू दुर्दाने, जिचं वय आता तिलाही आठवत नाही. दोघींमधली कोण गेली असेल, हे ठरवायला फिक्रियेला कितीसा वेळ लागणार?

वर आपल्या घरी जाऊन, पिशव्या तशाच टाकून तिनं कढईत रवा परतायला घेतला. गमी झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारणीनंच गेलेल्याच्या नावानं रव्याचा हलवा न्यायचा असतो. लोण्यात रवा परतता परतता रडूनही झालं, आणि ते रडणं खरं होतं बरं का. मग पांढरा रुमाल बांधून, हलव्याची थाळी घेऊन ती खाली आली आणि बेल दाबली.

दार उघडलं दुर्दानेनं.

"कोण गेलं गं?" म्हातारीनं विचारलं.

दुर्दानेनं एकदा पांढऱ्या रुमालाकडे पाहिलं, एकदा थाळीकडे.

"माझा का हा?" ती म्हणाली. "आण मग इकडे."

पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून तिनं स्वतःचा हलवा चमच्यानं चाखला, आणि म्हणाली, "साखर कमी घातलीस. मी काय रोज मरणार आहे?"

तेवढ्यात आतून नेझाकेत आली, हात पुसत. तिच्याबरोबर गुलाबाचा असा लोट आला की फिक्रिये एक पाऊल मागे सरली.

"सेंट लावलाय गं," नेझाकेत म्हणाली. "रोज लावायचा म्हणून आजपासून सुरुवात केलीय."

आता नेझाकेतनं गुलाब लावावा हीच मुळात नवलाची गोष्ट. ती गुलाबांच्या गावातली. लहानपणी आईबरोबर उजाडायच्या आत फुलं तोडायला जायची, बोटांत काटे, बाह्या दवानं चिंब, आणि तशीच शाळेत. लग्न होऊन शहरात आली तेव्हा म्हणाली होती, आता मला हा वास जन्मात नको. एका पार्लरमध्ये जमिनीवरचे केस झाडता झाडता कात्री धरायला शिकली, आणि पुढे याच इमारतीच्या तळमजल्यावर स्वतःचं पार्लर काढलं. हात चपळ, आणि तोंड हातापेक्षा चपळ. गल्लीतली नवरी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. नवरा गेला तेव्हा त्याच्या मेवलितला गुलाबपाणी तिनंच सगळ्यांच्या ओंजळीत घातलं, मग ती सुरई धुऊन सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, आणि पुन्हा सगळ्यांसारखं हातावर ओतायचं लिंबाचं कोलोन.

मग हा सेंट आला कुठून? तर होणाऱ्या सुनेकडून. नेझाकेतचा मुलगा तुंजाय इझमीरला नोकरीला, तिथलीच मुलगी, बेर्राक. आता इझमीरच्या मुलीला काय माहीत? इस्पार्ताची सासू म्हणजे गुलाब, एवढंच तिला ठाऊक. तिनं हौसेनं बाटली पाठवली आणि फोनवर विचारलं, "मावशी, आवडला का?"

"आवडला म्हणजे? रोज लावते," नेझाकेत म्हणाली. तेव्हा बाटली खोक्यातून बाहेरसुद्धा आली नव्हती.

"आणि शनिवारी साखरपुडा," ती फिक्रियेला सांगत होती. "तिचे केस मीच करणार. तिचं नाक माझ्या हातापाशी असणार गं सकाळभर. पोरीशी माझी ओळखच खोट्यानं सुरू झालीय. शनिवारपर्यंत ते खरं करून टाकायचं. मलाही सवय होईल, गल्लीलाही."

"आणि गल्ली हलवे करत बसेल," फिक्रिये म्हणाली. "तिला सांग ना सरळ, आमच्याकडे हा मयताचा वास."

"असं सांगू? पहिल्याच भेटीला? तू आणलेली भेट म्हणजे मयताची?"

फिक्रिये रुमाल सोडून तिच्याबरोबर खाली पार्लरमध्ये जाऊन बसली. ती तशी रोजच बसते. चहा तिथलाच, बातम्या तिथल्याच.

पहिलंच गिऱ्हाईक शाझिये, कोर्टात टायपिस्ट, केस रंगवायला आलेली. नेझाकेतनं कपाटातून बाटली काढली, काचेचं बूच उपसून बाजूला ठेवलं, तळहातावर घसघशीत सेंट ओतला, दोन्ही हात चोळले, चेहऱ्यावरून फिरवले, मानेवर थापले. फिक्रियेला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोलोन असंच लावतात. बसमध्ये असंच, पाहुण्यांकडे असंच. बुचाच्या खाली एक काचेची काडी होती, ती कशाला असते हे विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

तेच हात शाझियेच्या केसांत गेले. शाझिये बोलत होती ती गप्प झाली. मग तिचे ओठ हलायला लागले.

"काय पुटपुटतेस?" नेझाकेतनं विचारलं.

"बाबांसाठी दुआ. एकदम आठवले गं." शाझियेनं डोळे पुसले. "रंग राहू दे आज. कशाला रंगवायचे, सगळं इथंच राहणार आहे." आणि पांढरी मुळं घेऊन ती घरी गेली.

दुपारी ड्रायरखाली बसलेल्या दोन जावा सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलायला लागल्या. एरवी त्या पार्लरमध्ये एवढी खिदळखिदळ असते की समोरचा न्हावी दार लावून घेतो. त्या दिवशी तो उठून बघायला आला, सगळं ठीक आहे ना.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकंच कमी. नेझाकेत मात्र हटेना.

"गुलाब हा रोज लावायचा वास नाही," फिक्रिये म्हणाली. "इथं तरी नाही."

"रोज सकाळी पावाला गुलाबाचा मुरंबा फासून खातेस. तेव्हा कोण मरतं तुझ्याकडे?"

"तो पोटात जातो."

"मग तुझं पोट काय रडतं का?"

"हे बघ नेझाकेत, एक थेंब लावलास तरी माणसाला मेवलितच आठवणार. मला तर जिन्यावरून कळतं."

"आणि नाही कळलं तर?"

"नाही कळलं तर साखरपुड्याला परत हलवा करीन. जिवंत माणसांसाठी."

दुर्दाने कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला रोज दुपारी खाली आणून बसवतात, तिला माणसं लागतात. ती म्हणाली, "सूनबाई, लावून दाखव बरं." नेझाकेतनं ओतलं, चोळलं, थापलं. म्हातारी बघत राहिली.

"ओंजळीत घेतलंस की मेवलितच होणार," ती म्हणाली. "आम्ही तोडणीला जायचो तेव्हा एक कळी कानामागे खोचायचो, रुमालाच्या आत. दिवसभर. तेव्हा कुणी रडलेलं मला आठवत नाही. तुझा सासरा तर उगीच जवळून जायचा."

फिक्रियेच्या कानावर हे पडलं, पण ती चहाच्या पेल्यांत साखर घालत होती, आणि म्हातारी बोलतच असते.

शनिवारी सकाळी फिक्रिये जिना उतरली तर जिन्याला फक्त फरशी पुसल्याचा वास. पार्लरमध्येही तोच, वर थोडा शाम्पूचा. शाझिये परत आली होती, डोक्याला रंग थापून बसली होती आणि कोर्टातल्या साहेबांच्या खोट्या केसांच्या टोपाची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवत होती. फिक्रिये नेझाकेतशेजारी जाऊन बसली, चहा प्यायली, तिच्या हातातून बिस्कीट घेतलं. काही नाही.

"शेवटी शहाणी झालीस," ती म्हणाली.

नेझाकेतनं नुसती मान हलवली.

मग बेर्राक आली, प्रवासानं सुकलेली, लांब केसांची. वाकून तिनं नेझाकेतचा हात ओठांना आणि कपाळाला लावला, आणि क्षणभर तिथंच थांबली. हाताला साबणाचा वास. पोरीनं वर पाहिलं, हसली, पण हसू जरा उतरलेलं. फिक्रियेनं ते टिपलं. तिलाच कसंतरी झालं. म्हटलंच होतं मी, तिच्या मनात आलं, पण या वेळी म्हटल्याचा आनंद होईना.

नेझाकेतनं पोरीला बेसिनपाशी बसवलं, डोकं मागे टेकवलं, आणि पाणी सोडायला तिच्यावर वाकली.

"मावशी," बेर्राक डोळे मिटूनच म्हणाली. "लावलाय तुम्ही. मला वाटलं, नाही लावला."

"रोज लावते म्हटलं नव्हतं का?"

"कुठे लावलाय?" फिक्रिये उठलीच. "सकाळपासून मी बाजूला बसलेय."

"ये की जवळ," नेझाकेत म्हणाली.

फिक्रिये वाकली. अजून वाकली. नाक पार कानाच्या मागे नेलं तेव्हा कुठे कळलं, रुमालातल्या कळीएवढा, इतकासाच गुलाब.

तोवर बेर्राकची नजर आरशाखालच्या बाटलीवर गेली होती. तळाला बोटभर सेंट उरला होता. "एवढा संपला?" तिनं विचारलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की शाझियेसुद्धा गोष्ट सांगायची थांबली.

"अगं, रोजचा आहे तो," नेझाकेत शांतपणे म्हणाली.

"मला सर्दी आहे," फिक्रिये म्हणाली.

"कालपर्यंत जिन्यावरून कळत होतं."

"आजच झाली."

"शाझिये, आज कोण आठवलं गं?"

"कुणी नाही बाई," शाझिये म्हणाली. "टोपाचं सांगू ना पुढे?"

"आणि कानामागे लावलेलं धरायचं नाही," फिक्रिये म्हणाली. "तिथं कोण हुंगायला जातं?"

"ते तुला कशाला सांगू," कोपऱ्यातून दुर्दाने म्हणाली.

नेझाकेतनं पोरीच्या केसांतून पाण्याचा हात फिरवला आणि मान न वळवता म्हणाली, "फिक्रिये, माणसं संध्याकाळी येतील. रवा आत्ताच परतायला घे. आणि साखरपुडा आहे म्हटलं, या खेपेला साखर नीट घाल."